पेट्रोलचा कॉक गळतोय? आधी गाडी घराबाहेर काढा

मैत्रिणींनो, मागच्या काही बैठकांत एक तक्रार दोन-तीन जणींकडून ऐकली. "ताई, गाडी पडवीत लावली की रात्रभर पेट्रोलचा वास येतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." एकीने तर कॉकच्या खाली करवंटी ठेवली होती आणि सकाळी त्यातलं पेट्रोल परत टाकीत ओतत होती. काटकसर म्हणून हे शहाणपणाचं वाटेल, पण बाई, त्या पडवीला लागूनच तिची चूल होती.

म्हणून या अंकात जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोल कॉकविषयी सगळं नीट सांगते. आपल्यापैकी कितीतरी घरांत जुनी स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, बॉक्सर किंवा असलीच एखादी गाडी आहे. दूध डेअरीला घालायला, बाजाराला माल न्यायला, कुणाला दवाखान्यात पोचवायला तीच एक गाडी. काही जणींनी गटातून कर्ज काढून जुनी गाडी घेतली आहे. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-सिक्सच्या ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांना हा कॉकच नसतो, टाकीतल्या पंपाने पेट्रोल इंजिनाकडे जातं. त्यामुळे हा दुखणाईत भाग आपल्याच वाट्याचा, जुन्या गाडीवाल्यांचा.

धोका नेमका कशाचा

पेट्रोलचं द्रव जेवढं धोक्याचं, त्यापेक्षा त्याची वाफ जास्त. पेट्रोल अगदी थंडीतसुद्धा पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. उणे ४० अंशांच्या आसपास थंडी असली तरी सोडतं, मग आपल्याकडच्या मे महिन्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा जड असते. गॅसच्या सिलिंडरमधल्या गॅससारखीच ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उंबऱ्यावरून आत येते, खोलगट जागेत साठते. म्हणजे गाडी पडवीत आणि चूल आतल्या खोलीत असली तरी मधे भिंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाराखालची फट पुरते. चूल, गॅसची शेगडी, देवापुढची समई, बिडी, विजेच्या बटणाची ठिणगी, यांतलं काहीही त्या वाफेला पुरतं.

म्हणून वास आला की पहिलं काम एकच. गाडी ढकलत उघड्यावर न्या, सुरू करून नाही. घराची दारं-खिडक्या उघडा. वास जाईपर्यंत चूल पेटवू नका आणि बटणंही चालू-बंद करू नका. दुर्दैवाने पेट घेतलाच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. थोडीशीच आग असेल तर माती किंवा वाळू टाका. मोठी असेल तर माणसं आणि जनावरं लांब काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. गाडी वाचवायला जाऊ नका.

आणि नुकसानीचा हिशेब? तो आपण बायका चांगला करतो, म्हणून करूनच बघू. समजा तासाला औषधाच्या बाटलीचं एक लहान झाकण, म्हणजे ५ मिली पेट्रोल गळतंय. दिवसाला झालं १२० मिली, महिन्याला ३ लिटर ६०० मिली. लिटर शंभर रुपये धरला तरी ३६० रुपये. आठवड्याला ५० रुपये बचत भरणारीची महिन्याची बचत होते २०० रुपये. म्हणजे बचतीपेक्षा जास्त पैसे मातीत चालले, आणि ते थांबवायला लागणारा रबरी वायसर कितीतरी स्वस्तात मिळतो.

कॉक चालतो कसा

टाकीच्या खाली, बहुतेक गाड्यांना डाव्या बाजूला, बोटाएवढी लिव्हर असलेली तोटी दिसते. तिलाच कॉक म्हणतात. जुन्या गाड्यांत पेट्रोल पंपाने नाही तर नुसत्या उतारावर खाली येतं, आपल्या माठाच्या तोटीसारखं. कॉकच्या वरच्या टोकाला टाकीच्या आत पेट्रोल घ्यायच्या दोन वाटा असतात. एक नळी उंच, एक वाट अगदी तळाशी. लिव्हर 'ऑन'वर असली की उंच नळीतून पेट्रोल येतं. पेट्रोल त्या नळीच्या खाली गेलं की गाडी गचके खाते, आणि आपण म्हणतो "रिझर्व्हला लागली". लिव्हर 'रेस'वर फिरवली की तळाची वाट उघडते. 'ऑफ'वर दोन्ही बंद.

हे उघडणं-मिटणं करतो लिव्हरच्या मागचा एक रबरी वायसर, बटणासारखा गोल आणि भोकं असलेला. मेस्त्री लोक त्याला पॅकिंगही म्हणतात. लिव्हर फिरली की तिच्यावरची खाच एका नाहीतर दुसऱ्या भोकावर येते. त्याच्यावर लाटेसारखी वाकलेली एक पातळ पत्र्याची चकती असते, ती लिव्हरला रबरावर दाबून धरते. बस, एवढंच यंत्र आहे. नवं असताना घट्ट बसतं. पुढे रबर वाळतं, चिरतं, लिव्हरची खाच त्यात रुतून घर करते, आणि मग गळती सुरू.

अलीकडे तक्रारी का वाढल्या याला एक कारण पेट्रोलातही आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साठतं, पत्र्याला गंज चढतो, आणि गंजाचा एखादा कण येऊन नेमका वायसरवर बसतो.

गळतंय कुठून ते आधी शोधा

इथे सगळ्यात जास्त चूक होते. कॉक ओला दिसला की लोक कॉक बदलून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी परत थेंब. पेट्रोल वरून ओघळत खाली येतं, म्हणून जिथे थेंब दिसतो तिथेच भोक असेल असं नाही.

गाडी उघड्यावर सावलीत, मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन पूर्ण गार हवं. किल्ली काढून घ्या. मोबाइल आणि काडेपेटी घरात ठेवा. कॉक, नळी आणि टाकीचा खालचा भाग फडक्याने स्वच्छ कोरडा पुसा. मग शाळेतला पांढरा खडू घेऊन सगळीकडे घासा आणि पाच-दहा मिनिटं बघत बसा. जिथे खडूचा रंग पहिल्यांदा गडद होईल, तिथून गळतंय.

टाकी आणि कॉक जिथे जोडलेत तिथे वरच ओलं झालं तर तिथलं ओरिंग किंवा पॅकिंग गेलं. लिव्हरच्या मुळाशी ओलं झालं तर मघाचा भोकाचा वायसर गेला. काही कॉकला खाली एक लहान वाटी असते, गाळ आणि पाणी साठायला. तिच्या कडेने ओलं झालं तर वाटीचं ओरिंग. आणि रबरी नळीच्या टोकाशी ओलं झालं तर कॉक बिचारा चांगला आहे, नळी चिरलीय नाहीतर क्लिप सैल झालीय. नळीचं टोक तडकलं असेल आणि लांबी पुरत असेल तर बोटभर कापून परत बसवता येतं. पण सगळी नळीच कडक, काचेसारखी झाली असेल तर नवीन घ्या.

आणखी एक जागा आहे. खाली कार्बोरेटरला एक बारीक नळी जमिनीकडे सोडलेली असते. पेट्रोल तिच्यातून टपकत असेल तर दुखणं कार्बोरेटरच्या आत आहे. तिथे एक सुई पेट्रोल भरलं की वाट बंद करते, ती झिजलीय किंवा तिच्यात कचरा अडकलाय. ते काम मेस्त्रीचं. पण लक्षात घ्या, कॉक 'ऑफ' केल्यावरही ते टपकणं थोड्या वेळाने थांबत नसेल, तर कॉकसुद्धा नीट बंद होत नाही. म्हणजे दुखणी दोन आहेत.

कॉक आतून गळतो तेव्हा बाहेर एक थेंबही दिसत नाही, हे फसवं. तपासायची रीत सोपी आहे. लिव्हर 'ऑफ'वर करा, कार्बोरेटरच्या बाजूने नळी ओढून काढा, टोक एका लहान भांड्यात सोडा. आधी नळीतलं उरलेलं पेट्रोल येईल. नंतर पंधरा मिनिटं एकही थेंब यायला नको. आला तर वायसर गेला. हे दुर्लक्षित राहिलं आणि सुईही कमजोर असली तर पेट्रोल रात्रीतून इंजिनात उतरतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी न टाकता वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर चाललेल्या इंजिनाचा खर्च ऐकलात तर वायसरची किंमत आयुष्यभर लक्षात राहील.

वायसर बदलायचा कसा

हे काम घरी होण्यासारखं आहे, पण हाताला सवय असलेलं कुणी सोबत असू द्या. टाकीत पेट्रोल कमी असताना करा. नळी कार्बोरेटरकडून काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सोडा, आधी 'ऑन' आणि मग 'रेस' करून टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. लहान लेकरं पाणी समजून तोंडाला लावतात. असं कधी झालंच तर उलटी करवू नका, त्याने पेट्रोल फुप्फुसात जातं. तडक १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा.

लिव्हरच्या दोन्ही बाजूंना दोन लहान स्क्रू असतात. ते वर्षानुवर्षं उघडलेले नसतात, म्हणून हट्टी. स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे आपला डिसमिस, बरोबर मापाचा घ्या आणि जोराने आत दाबून मग फिरवा. लहान मापाचा घेतला तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर पुरतं. गरम करून सैल करायचा विचारसुद्धा मनात आणू नका.

स्क्रू निघाले की वरची पट्टी, लाटेसारखी चकती, लिव्हर आणि शेवटी रबरी वायसर असं क्रमाने निघतं. ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने कापडावर मांडून ठेवा. आतली बैठक फडक्याने पुसा, गंजाचे कण काढा. लिव्हरची वायसरवर घासणारी बाजू बोटाने चाचपून बघा. तिथे ओरखडे असतील तर नवा वायसरही टिकणार नाही. नवा वायसर बसवताना त्याची भोकं खालच्या भोकांवर तंतोतंत यायला हवीत. मग लिव्हर, चकती, पट्टी, स्क्रू. दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. कॉकचा धातू मऊ असतो, जास्त ताकद लावली की आटे जातात. लिव्हर किंचित जड फिरली पाहिजे. एकदम हलकी फिरत असेल तर दाब कमी पडतोय.

काही कॉकवर स्क्रूऐवजी रिबिट मारलेलं असतं. ते उघडायच्या फंदात पडू नका, तो कॉक अख्खाच बदलायचा असतो.

अख्खा कॉक बदलायचा तर

आटे गेले असतील, धातूला खड्डे पडले असतील, किंवा नवा वायसर घालूनही गळत असेल, तर नवा कॉक घ्या. दुकानात जाताना जुना कॉक पिशवीत घालून न्याच. नुसतं गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार हाताला येईल तो देतो, कारण एकाच नावाच्या गाडीचे वेगवेगळ्या वर्षांचे कॉक वेगळे असू शकतात. दोन्ही शेजारी धरून बघा. बोल्टच्या भोकांतलं अंतर, खालच्या नळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तिची जाडी, आणि टाकीत जाणाऱ्या उंच नळीची लांबी. ही शेवटची गोष्ट कुणी बघत नाही. ती नळी आखूड असली तर गाडी रिझर्व्हला उशिरा लागते आणि रिझर्व्हमध्ये पेट्रोल कमी उरतं. नेमकं रात्री, लेकरू आजारी असताना, गाडी माळावर बंद पडते ती अशी.

कॉक दोन बोल्टांवर बसलेला असेल तर काम सरळ आहे. टाकी रिकामी करून बोल्ट काढा, टाकीवरची बैठक पुसून घ्या, नवं ओरिंग घाला, दोन्ही बोल्ट आलटून-पालटून आवळा. बोल्टाखाली फायबरचा किंवा नायलॉनचा वायसर असेल तर तोही नवा टाका. काही गाड्यांत मात्र दोन बोल्टांऐवजी एकच मोठा नट असतो. त्याचे आटे एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे असू शकतात, टाकी आणि कॉक दोन्हीवर एकदमच चढावा लागतो. तो मेस्त्रीकडून बसवून घेतलेला बरा.

जुना कॉक काढला की त्याच्या टोकाची बारीक जाळी बघा. ती तांबूस गाळाने भरलेली असेल तर टाकी आतून गंजलीय. टाकी थोड्या पेट्रोलने दोन-तीनदा खळबळून धुवा. जाळी फाटलेली असेल तर सगळा कचरा कार्बोरेटरमध्ये जातो, म्हणून फाटकी जाळी परत लावू नका.

आता जुगाडाविषयी. टाकी किंवा कॉक वाटेत गळायला लागला तर अंगाचा साबण घासून लावतात, आणि तो खरंच धरतो, कारण साबण पेट्रोलात सहसा विरघळत नाही. घरी किंवा गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. पण एका ताईंच्या गाडीला तो साबण पूर्ण पावसाळा होता! सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वायसर करणं तर अजिबात नको. ते रबर पेट्रोलात फुगून मऊ होतं आणि चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त गळतं. पांढरी टेपही ओरिंगच्या जागी गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या बारीक भोकात अडकतात.

गॅरेजला जाताना

मी स्वतः एकदा गाडी घेऊन गेले तर मला सांगितलं गेलं, "घरच्या माणसाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, दादा, लिव्हरच्या मुळाशी गळतंय, टाकीचा जोड कोरडा आहे, ऑफ केल्यावर नळीतून थेंब येत नाही. त्यानंतर बोलणं नीट झालं. आपण गळतीची जागा सांगितली की नको ते भाग बदलले जात नाहीत. कामाआधी किंमत विचारा, जुना काढलेला भाग परत मागून घ्या, आणि नवा टाकलेला वायसर रबराचा आहे की नुसत्या कागदी पॅकिंगवर भागवलंय ते बघा.

गटाच्या कर्जातून जुनी गाडी घेणार असाल तर एवढं करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बघायला जा, आणि जाण्याआधी कुणाला पुसूपासू देऊ नका. कॉकखाली इंजिनावर तपकिरी-पिवळट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती जुनी आहे. लिव्हर तिन्ही जागी फिरवून बघा. अजिबात हलत नसेल तर ती कित्येक वर्षांत 'ऑफ' झालेलीच नाही. एवढ्यासाठी गाडी नाकारायची गरज नाही, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या, आणि ऑइलच्या पट्टीचा वासही तिथेच घ्या.

काम झाल्यावरची परीक्षा

कॉक बसवून झाला की लगेच टाकी भरू नका. अर्धा लिटर पेट्रोल घाला, लिव्हर 'ऑफ'वर ठेवा, खाली वर्तमानपत्राचा कोरा तुकडा पसरा आणि पंधरा मिनिटं थांबा. कागदावर डाग पडला नाही तर 'रेस' करून तेवढाच वेळ. अर्धा लिटर उंच नळीपर्यंत पोचत नाही, म्हणून 'ऑन'ची परीक्षा टाकीत दोन-तीन लिटर पडल्यावर पुन्हा घ्यायची. सगळं कोरडं राहिलं की मगच गाडी बाहेरच, उघड्यावर, सुरू करा. पेट्रोलने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर दोरीवर पूर्ण वाळू द्या. चुलीत तर चुकूनही घालू नका.

आणि रोज रात्री गाडी लावली की लिव्हर 'ऑफ'. लिव्हरवरची इंग्रजी अक्षरं झिजून गेली असतील तर नळी काढून 'ऑफ'ची जागा एकदा खात्रीने शोधा आणि तिथे ऑइल पेंटचा लाल ठिपका द्या, म्हणजे घरातलं कुणीही बघून बंद करील. सकाळी निघताना उघडायची आठवण ठेवा. विसरलात तर गाडी नळीतल्या पेट्रोलवर थोडं अंतर जाईल आणि गावाच्या वेशीवर बंद पडेल. तेव्हा घाबरून मेस्त्रीला फोन करण्याआधी खाली वाकून त्या ठिपक्याकडे बघा.